विरळ लॉनच्या नांग्या कशा भराव्यात?

या महिन्याच्या टपालात कुंडीतल्या तुळशीबद्दल एक आणि कढीपत्त्याबद्दल दोन पत्रं आहेत. बाकी सगळं लॉन. ऑगस्ट सरत आला की असंच होतं. अवजारं भाड्यानं देणाऱ्या दुकानाच्या काउंटरमागे माझी नोकरी झाली, तेव्हाही गणपतीच्या सुमारास फोन थांबायचा नाही आणि प्रत्येकाला तेच एक मशीन शनिवारी सकाळी हवं असायचं. म्हणून तुळस-कढीपत्ता पुढच्या अंकात, यावेळी फक्त गवत आणि त्याच्या नांग्या, म्हणजे गवत न उगवलेल्या मोकळ्या जागा.

प्रश्न: काकू, नमस्कार. आम्ही दोन वर्षांपूर्वी सॉमरसेट काउंटीत, न्यू जर्सीत घर घेतलं. मागचं लॉन साधारण ५००० चौरस फूट आहे. गवत आहे, पण विरळ, मधून लालसर माती दिसते. गेल्या वर्षी हातानं बी फेकलं. निम्मं चिमण्यांनी खाल्लं, उरलेलं एका पावसात वाहून कुंपणाशी जमा झालं आणि तिथेच उगवलं! यंदा स्लिट सीडर, म्हणजे जमिनीला चिरा पाडून बी पेरणारं मशीन, भाड्यानं आणावा असं म्हणतोय. बायको म्हणते, पैसे वाया जातील. काय करू? आणि आणलाच, तर चालवायचा कसा?

उत्तर: बायकोचं अर्धं बरोबर आहे. मशीन आणण्याआधी गवत विरळ का झालं ते शोधायला हवं, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा तेच पत्र लिहाल.

मातीचे उघडे ठिपके असतील तिथल्या कडेचं गवत मुठीत धरा आणि ओढा. मुळासकट, चटकन, पट्टाच्या पट्टा हातात आला तर खाली हुमणी आहे. आमच्या सोलापूरकडे उसाला लागणारी हुमणी आणि तुमच्याकडची ही बहीण-बहीणच; पांढरी, इंग्रजी ‘सी’सारखी वळलेली अळी, मुळं खाते. तुमच्या भागात ती बहुतेक जपानी भुंगेऱ्याची असते. हा भुंगेरा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो तुमच्याच राज्यात, रिव्हरटन गावी, १९१६ साली. एक चौरस फुटाचा तुकडा उलटा, दोन-तीन इंच माती चाळा आणि अळ्या मोजा. आठ-दहाच्या वर निघाल्या तर आधी त्यांचा बंदोबस्त, मग बी. गावी वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी कडुनिंबा-बाभळीवर भुंगेरे जमायचे, आम्ही पोरं फांद्या हलवून ते खाली पाडायचो आणि रॉकेलच्या पाण्यात टाकायचो. तुमच्याकडे ती सोय नाही. दुकानातलं औषध आणा, पण डब्यावर कोणत्या महिन्यात वापरायचं ते वाचूनच. वसंतात टाकायचं औषध वेगळं, सप्टेंबरात टाकायचं वेगळं.

हुमणी नसेल तर एक लांब स्क्रूड्रायव्हर घ्या आणि पाऊस होऊन गेल्यावर मातीत दाबा. सहज चार-पाच इंच गेला तर ठीक. दोन इंचांवर अडला तर माती दबलेली आहे. तुमची ती लाल माती शेल दगडाची, चिकण; त्यातून घर बांधताना बिल्डरचे डंपर त्यावर फिरलेले. अशा मातीला आधी कोअर एरेटर, म्हणजे मातीच्या गुंडाळ्या उपसणारं मशीन, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सीडर. दोन्ही एकाच दुकानात मिळतात.

तिसरी तपासणी सावलीची. मेपलखाली गवत विरळ असेल तर तिथे कितीही बी घाला, गवताला ऊन मिळणार नाही आणि मेपलची वरवरची मुळं पाणीही ओढून घेतील. तिथे सालीचा चुरा पसरा, सावलीत वाढणारा होस्टा लावा आणि विषय संपवा. ह्या एका सल्ल्यावर नवरे सर्वांत जास्त नाराज होतात.

चौथी गोष्ट, मातीची परीक्षा. रटगर्स विद्यापीठाची माती तपासणारी प्रयोगशाळा आहे आणि तुमच्या काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसातून (शेती-बागेचा सल्ला देणारं कार्यालय) त्याची माहिती मिळते. सामू (पीएच) ६ ते ७ च्या मध्ये असावा. तो ५.३ असेल तर तुम्ही महागातलं महाग बी आणलंत तरी पाने पिवळीच राहतील, आधी चुना.

आणि निम्म्याहून जास्त लॉनमध्ये गवताऐवजी तणच असेल, तर ते नांग्या भरण्याचं काम नव्हे. ते सगळं काढून नव्यानं पेरायचं काम, त्याचं पत्र वेगळं लिहा.

हे सगळं पाहून झालं आणि गवत नुसतंच विरळ आहे असं ठरलं, तर मात्र स्लिट सीडर आणा. ५००० चौरस फुटांना तो अगदी योग्य. पाचशे फुटांचा ठिपका असता तर म्हटलं असतं, लोखंडी दाताळं घ्या, माती खरवडा, बी टाका, पायानं दाबा, झालं. आणि अर्धा एकर असता तर म्हटलं असतं, माणूस बोलवा.

मशीन म्हणजे काय, तर बैलांनी ओढायच्या पेरणीच्या तिफणीची पेट्रोलवरची बहीण. पुढे इंजिन, खाली फणांऐवजी उभ्या पात्यांची रांग, साधारण दोन-दोन इंचांवर एक. ही पाती फिरत फिरत गवतातून जमिनीला चिरा पाडतात. वर चाड्याच्या, म्हणजे तिफणीत बी सोडायच्या नरसाळ्याच्या, जागी बियांची पेटी. तिच्या तळाची फट एका दांडीनं कमी-जास्त करता येते. बी त्या चिरांत किंवा चिरांच्या आसपास पडतं आणि मागचं रोलर किंवा चकत्या माती दाबतात. हातानं फेकलेल्या बियाचं तुमच्याकडे जे झालं ते इथे होत नाही, कारण बी मातीला टेकतं आणि थोडं आत जातं. सगळा खेळ एवढाच आहे. बियाला मातीचा ओलावा चहूबाजूंनी मिळाला तर ते उगवतं. गवताच्या वाळक्या काडीवर अडकून राहिलं तर सकाळी भिजतं, दुपारी सुकतं आणि मरतं.

फरक एकच. तिफणीवर चाड्याला मूठ धरणारी बाई बी किती सुटतंय ते बोटांनी ओळखते. मशीनला बोटं नाहीत. पेटीच्या झाकणावर कोणत्या गवताला कोणता आकडा लावायचा याचा तक्ता असतो, तो नव्या मशीनसाठी असतो आणि तुम्हाला मिळणारं मशीन नवं नसतं. म्हणून बी मोजून दोन भाग करा आणि पहिल्या फेरीला एकच भाग पेटीत घाला. निम्मं अंगण होण्याआधी पेटी रिकामी झाली तर फट बारीक करा. सगळं अंगण झालं आणि पेटी अर्धी भरलेली, तर मोठी करा. तक्त्यापेक्षा हा हिशेब खरा.

बी कोणतं? तुमच्याकडे उन्हातल्या अंगणाला टॉल फेस्क्यू, थोडं केंटकी ब्लूग्रास मिसळून. टॉल फेस्क्यूची मुळं खोल जातात, जुलैत तग धरतं. पेरेनियल राय सर्वांत लवकर उगवतं, पण नुसतं तेच घातलं तर उन्हाळ्यात रोग पडतात. (रायबद्दल एक गंमत. रटगर्सच्या डॉ. रीड फंक यांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या जुन्या गवतातून निवडलेली झाडं वाढवून ‘मॅनहॅटन’ नावाचा वाण १९६७ मध्ये आणला. बागेत पाय तुडवून तुडवून जे टिकलं तेच निवडलं. माझ्या मते निवड अशीच करावी.)

टॉल फेस्क्यूचं बी जाड, एका पौंडात दोन लाखांच्या थोडं वर. ब्लूग्रासचं बी इतकं बारीक की पौंडात वीस लाखांच्या आसपास भरतं. म्हणून फेस्क्यूला दर १००० चौरस फुटांना ४ ते ६ पौंड लागतं, ब्लूग्रासला १ ते २ पुरतं. तुमच्या ५००० फुटांना ५ च्या हिशेबानं २५ पौंड फेस्क्यूचं मिश्रण; साडेबारा एका दिशेनं, साडेबारा दुसऱ्या.

पोत्यावरचं चित्र बघू नका, मागचं लेबल वाचा. अमेरिकेत १९३९ च्या बियाणे कायद्यापासून ते लेबल लावावंच लागतं. त्यात चार गोष्टी पाहा: उगवणशक्ती किती टक्के, तपासणीची तारीख कोणती, तणाचं बी किती, आणि ‘इनर्ट’, म्हणजे बी नसलेला भाग, किती. शेवटच्या आकड्यात लोक फसतात. बियावर रंगीत लेप असेल तर वजनाचा निम्मा भाग कधीकधी लेपच असतो. वीस पौंडांचं पोतं, आत बी दहाच पौंड. मग हिशेब दुप्पट करा. ‘अ‍ॅन्युअल राय’ असं दिसलं तर पोतं खाली ठेवा, ते एका वर्षात मरतं. ‘केंटकी ३१’ दिसलं तरीही. ते १९३१ मध्ये केंटकीतल्या डोंगरउतारावरच्या शेतात सापडलेलं जुनं फेस्क्यू. गुरांच्या कुरणाला उत्तम, तुमच्या नव्या लॉनमध्ये मात्र रुंद पानांचे फिकट झुपके दिसत राहतील. स्वस्त मिश्रणांत ते हमखास असतं.

केव्हा? साधारण गणपती-पितृपक्षाच्या दिवसांत, पण सण दरवर्षी मागेपुढे होतात, म्हणून तारखा धरा. कॅलेंडरच्या भाषेत ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा तिसरा-चौथा आठवडा. आमच्याकडे रब्बीची ज्वारी उत्तरा-हस्त नक्षत्रांत पेरतात तेव्हाही असंच असतं: जमीन अजून ऊबदार, हवा उतरलेली, पुढे थंडी. तुमच्याकडेही माती गरम असते म्हणून बी लवकर उगवतं, रात्री गार असतात म्हणून रोपटं करपत नाही, आणि तणाचा जोर ओसरत असतो. सप्टेंबर उलटला की थांबा. पहिल्या कडक थंडीआधी रोपाला सहाएक आठवडे मिळायला हवेत.

चालवायचा कसा? दोन दिवस आधी गवत दीड-दोन इंचांपर्यंत छाटा आणि कापलेलं गवत गोळा करून फेकून द्या. नाहीतर ते चिरांवर पडून राहतं. तुषार सिंचनाच्या तोट्यांना, कुत्र्याच्या अदृश्य कुंपणाच्या तारेला आणि केबलवाल्यानं जेमतेम झाकलेल्या वायरीला छोटे झेंडे लावा. या मशीनला वायर आणि मूळ यातला फरक कळत नाही. दुकानात परत आलेल्या मशीनच्या पात्यांना गुंडाळलेल्या तारा मी इतक्या पाहिल्यात की त्यावर वेगळं सदर निघेल.

जमिनीला वाफसा हवा. ओल्या चिकणमातीत पाती चोंदतात आणि चिरांऐवजी चिखल होतो. कोरड्या टणक जमिनीवर मशीन नाचतं आणि बी वरच राहतं. म्हणून पाऊस नसेल तर आदल्या दिवशी पाणी द्या, पेरणीच्या दिवशी नाही. पात्यांची खोली पाव इंच, फार तर अर्धा. खोल पाडाल तर ब्लूग्रासचं बारीक बी वर येणारच नाही.

मशीन चालू करा, चालायला लागा, मग पाती खाली सोडा. वळताना पाती वर आणि बियांची फट बंद. उभ्या जागी पाती सोडलीत तर तिथे नाली पडते, ती दोन वर्षं दिसते. उतार असेल तर आडवं चाला, चिरा उताराला आडव्या असल्या की पावसाचं पाणी बी ओढून नेत नाही. तुमच्या कुंपणाशी झालेलं ते हिरवं कुरण यंदा होणार नाही. पहिली फेरी झाली की दुसरी तिरकी, पहिलीला छेदणारी, म्हणजे चौकटी पडतात आणि ओळी उघड्या दिसत नाहीत.

झाल्यावर अंगण भयंकर दिसेल. उभं गवत फाटलेलं, माती वर आलेली. ते तसंच दिसायला हवं, बायकोला आधी सांगून ठेवा. वर आलेली वाळकी काडी हलक्या दाताळ्यानं गोळा करा, त्यापलीकडे काही करू नका.

खत ‘स्टार्टर’ म्हणून मिळतं त्यात फॉस्फरस असतो. न्यू जर्सीच्या २०११ च्या खत कायद्यानं लॉनला फॉस्फरस टाकायला बंदी आहे, पण नवं लॉन करताना, जुनं दुरुस्त करताना किंवा माती परीक्षेत कमी निघाला तर चालतो. तुमचं दुरुस्तीत बसतं. तोच कायदा सांगतो की १५ नोव्हेंबर ते १ मार्च खत टाकायचं नाही. ओढ्याजवळ घर असेल तर ओढ्यापासून अंतरही राखावं लागतं, तेवढं काउंटीत विचारा.

पाणी पहिल्या पंधरवड्यात थोडं थोडं, दिवसातून दोन-तीनदा, वरचा अर्धा इंच ओला राहील इतकंच. डबकी नकोत. राय आठवड्यात, फेस्क्यू दहा-बारा दिवसांत दिसेल. ब्लूग्रासला तीन आठवडे लागतील, तेव्हा दहाव्या दिवशी ‘अर्धं उगवलंच नाही’ म्हणून पाणी बंद करू नका. ही चूक फार घरांत होते. उगवल्यावर पाण्याच्या पाळ्या कमी करत जा आणि प्रत्येक पाळी मोठी करा. तीन-साडेतीन इंच झालं की पहिली कापणी, धार लावलेल्या पात्यानं आणि वरचा एक तृतीयांशच. तीन-चार कापण्या होईपर्यंत तणनाशक नाही. ऑक्टोबरात झाडांची पानं रोपांवर साचली तर ती कुजवतात. जोरात ओढू नका, ब्लोअर हळू ठेवून उडवा.

आता दुकानाबद्दल दोन शब्द, हे मला कोणी विचारत नाही म्हणून सांगते. शनिवारी सकाळ टाळा. बुधवारी चार तासांचं भाडं घ्या, ५००० फुटांना चार तास पुरतात. मशीन दोनशे पौंडांच्या वर असतं, तेव्हा गाडीत चढवायला पट्टी आणि दुसरा माणूस न्या. ते तुमच्यासमोर चालू करून दाखवायला सांगा. पाती खाली-वर होतात का, बियांची फट बंद होते का, ते पाहा. पात्यांची टोकं झिजून गोल झाली असतील तर दुसरं मागा. आणि पेटीत डोकावून बघा. आधीच्या गिऱ्हाइकाचं उरलेलं बी तिथे असतं आणि ते काय होतं हे कोणालाच ठाऊक नसतं. एकाच्या सुंदर फेस्क्यूमध्ये अशी ‘अ‍ॅन्युअल राय’ची पट्टी उगवली, मशीन सुरू केलं तिथूनच.

प्रश्न: कोलंबस, ओहायोहून लिहिते आहे. मागच्या सप्टेंबरात नवऱ्यानं स्लिट सीडर चालवला. उगवण छान झाली, पण गवत ओळींत आलं! शेजारी विचारतो, ‘गहू पेरलात का?’ आता काय करावं?

उत्तर: शेजाऱ्याला सांगा, हो, मार्चमध्ये हुरड्याला या.

तुमच्याकडे एकाच दिशेनं फेरी झाली. फेस्क्यू आणि राय झुपक्यानं वाढतात, बाजूला फुटवे काढतात पण पळत नाहीत, त्यामुळे ओळींमधली जागा हळूहळूच भरते. बियात ब्लूग्रास असेल तर ते जमिनीखालून धावणाऱ्या खोडांनी पसरतं आणि वर्षभरात ओळी मिटवतं. पोत्याचं लेबल ठेवलं आहे का बघा. नसेल तर या सप्टेंबरात थोडं ब्लूग्रास, एक पौंड दर हजार फुटांना, जुन्या ओळींना तिरकं छेदून पेरा. बाकी काही बिघडलेलं नाही.

प्रश्न: काकू, मी बॉस्टनजवळ राहते, हे माझं पहिलंच घर. मागची शरद हुकली. एप्रिलमध्ये क्रॅबग्रास हे तण येऊ नये म्हणून औषध टाकलं आणि मे महिन्यात बी पेरलं. एक पातं उगवलं नाही. बी खराब होतं का?

उत्तर: नाही गं, बी चांगलं होतं. तू टाकलेलं औषध बी उगवू देत नाही, हेच त्याचं काम. क्रॅबग्रासचं बी कोणतं आणि फेस्क्यूचं कोणतं हे त्याला समजत नाही. अशा बहुतेक औषधांनंतर कित्येक आठवडे पेरता येत नाही. किती ते डब्यावर लिहिलेलं असतं. मेसोट्रायोन नावाचं एक औषध पेरणीच्या वेळी चालतं, ब्लूग्रास, राय आणि टॉल फेस्क्यूला. फाईन फेस्क्यूला नाही.

तरी मला विचारशील तर वसंतात पेरू नकोस. मे महिन्यातलं कोवळं रोप जुलैत पोचतं तेव्हा त्याची मुळं दोन बोटंसुद्धा नसतात आणि क्रॅबग्रास ऐन भरात असतं. दुबार पेरणीचा खर्च येतो. फारच घाई असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, जमीन रात्री गोठते आणि दुपारी वितळते त्या दिवसांत, उघड्या ठिपक्यांवर हातानं बी टाक. जमीन आकसते, फुगते आणि बी आपोआप आत ओढून घेते. त्याला मशीन लागत नाही, भाडंही नाही. पण त्या वसंतात क्रॅबग्रासचं औषध बंद.

प्रश्न: फ्रिस्को, टेक्सस. आमचं बर्म्युडा लॉन दोन-तीन ठिकाणी टक्कल पडल्यासारखं झालं आहे. सप्टेंबरात स्लिट सीडर आणून बर्म्युडा पेरू का? तुमच्या मागच्या एका उत्तरात गणपतीत पेरा असं वाचलं.

उत्तर: ते उत्तर थंड प्रदेशातल्या गवतांचं होतं. तुमचं बर्म्युडा म्हणजे हरळी. आता गणपतीला ज्या एकवीस दूर्वा वाहाल त्या तुमच्या दारातच आहेत. आमच्या वडलांची निम्मी हयात कुळवानं हरळी उपटण्यात गेली आणि तुम्ही पेरायला निघालात!

हरळीला ऊन आणि उष्ण माती लागते. पेरायची तर मे-जूनमध्ये, माती ६५ अंश फॅरेनहाइटच्या चांगली वर गेल्यावर. सप्टेंबरात उगवलेली रोपं पहिल्या थंडीत जातात. पण पेरण्याआधी हे पाहा: घर घेताना बिल्डरनं गवताच्या गुंडाळ्या अंथरल्या होत्या का? तर ते बहुधा टिफवे ४१९ सारखं संकरित बर्म्युडा असेल. ते जॉर्जियातल्या टिफ्टन संशोधन केंद्रातून १९६० मध्ये आलं आणि त्याला बीच धरत नाही. दुकानात मिळणारं बर्म्युडाचं बी त्यात पेरलंत तर रंग आणि पान दोन्ही वेगळं दिसेल, ठिगळ लावल्यासारखं. टक्कल पडलेल्या जागी त्याच लॉनच्या कडेचे तुकडे कापून बसवा, जूनमध्ये नत्र द्या, पाणी द्या, गवत खाली कापा. हरळी स्वतः धावून येते. ती धावत नसेल तर तिथे सावली आहे किंवा पाणी तुंबतं.

हिवाळ्यात हिरवं दिसावं म्हणून तिथे लोक ऑक्टोबरात राय पेरतात. हौस असेल तर करा. वसंतात ते राय हरळीच्या वाटेत येतं, एवढं लक्षात ठेवा.

प्रश्न: कोथरूड, पुणे. मुलीकडे न्यू जर्सीला गेलो होतो, तिथे जावयानं हे मशीन चालवताना पाहिलं. आमच्या सोसायटीचं लॉन फार विरळ झालं आहे. असं मशीन इथे मागवावं असा समितीत प्रस्ताव मांडायचा आहे. आपलं मत?

उत्तर: प्रस्ताव मांडू नका. पुण्यातलं लॉन बहुतेक बियापासून नसतं. हरळीचा निवडक वाण असो, मेक्सिकन असो किंवा कोरियन, माळी ते गादीनं बसवतात किंवा मुळ्यांचे तुकडे टोचून. ज्याचं बी पेरलेलंच नाही त्याला पेरणीयंत्र कशाला? शिवाय लॉनमध्ये लव्हाळा असेल तर मशीनची पाती त्याच्या गाठी इकडून तिकडे नेतील, आणि लव्हाळा आनंदानं वाढेल.

तुमच्याकडे करायचं ते असं. पावसाळ्याच्या तोंडाशी, जूनमध्ये, काट्यानं जमीन चार-चार इंचांवर टोचून घ्या. लव्हाळा गाठीसकट खणून काढा, वरवर ओढू नका. चाळलेलं कुजलेलं शेणखत आणि जाड वाळू अर्ध्या इंचाच्या आत पसरा. उघड्या जागांवर त्याच लॉनमधले मुळ्यांसकट तुकडे बोटभर अंतरानं लावा आणि पायानं दाबा. माळ्याचे दोन दिवस जातील, मशीनच्या किमतीच्या एका कोपऱ्यात सगळं होईल.

एक प्रश्न मात्र तुम्ही पत्रात टाळलात. त्या लॉनवर बारशी, वाढदिवस आणि कोजागरीचे मंडप किती पडतात? खुर्च्यांच्या पायांनी जमीन दगड झाली असेल तर सप्टेंबरपर्यंत तिथे काहीही होऊ देऊ नका, गणपतीचा मांडव पार्किंगमध्ये घाला. समितीत मांडायचा प्रस्ताव हा आहे, आणि तो मंजूर करून घेणं मशीन मागवण्यापेक्षा बरंच अवघड जाईल.